नाव कोरलेला डबा

आमच्या घरातून कुणाचंही भांडं रिकामं परत जात नाही. शेजारून वाटीभर भाजी आली, तर ती वाटी परत जाताना तिच्यात निदान गुळाचा खडा असतोच. माझ्या सासूबाईंनी हा नियम मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सांगितला आणि मी तो साठ वर्षं पाळला. माझ्या सुनेला शिकवला, स्वयंपाकाच्या मालनबाईंना शिकवला, आणि हैदराबादेतल्या आमच्या विद्यानगरच्या घरात जे जे भाडेकरू येऊन गेले त्यांनाही तो न शिकवता कळला. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच घडलं.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी माझी नात प्रणिता माझ्या खोलीत येऊन पलंगाच्या कडेला बसली. ती विद्यापीठात संशोधन करते आणि आठवड्यातून दोन तास शिकवते. यंदा तिच्याकडे जो विषय आला आहे तो दहशतवादाचा इतिहास आणि त्यातून काय शिकायचं, हा. सव्विसाव्या वर्षी असा विषय शिकवावा लागावा याचं मला वाईट वाटतं, पण ते मी बोलून दाखवलेलं नाही.

गुरुवारच्या तासाला मी तिच्या वर्गात येऊन वीस मिनिटं बोलावं, अशी तिची इच्छा होती. अठ्ठेचाळीस साली रझाकारांनी आमच्या गावच्या कडब्याच्या गंजी पेटवल्या तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि दोन हजार सात साली इथल्या कोठीच्या बाजारात स्फोट झाला तेव्हा पासष्ट वर्षांची. दोन्ही पाहिलेलं माणूस तिच्या माहितीत दुसरं कुणी नव्हतं.

"आणि तुम्ही तेव्हा घाबरला नाहीत, आजी," ती म्हणाली. "पोलीस आले, तुम्ही सरळ स्टेटमेंट दिलं. स्टुडंट्सना ते ऐकू दे."

मी हो म्हटलं. सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, मराठी मंडळात मी गंजींची गोष्ट कित्येक वर्षं सांगत आले आहे, तेव्हा नाही म्हणण्याचं कारण नव्हतं. मग तिने आपल्या भाषणाची सुरुवात मला वाचून दाखवली. प्रणिताला मराठी वाचता येतं पण अडखळत, म्हणून तिने ते मोबाइलवर इंग्रजीत लिहिलं होतं आणि मला मराठीत सांगत होती. आधी फ्रान्सातली मुंडकी, मग रशियाच्या झारवर बॉम्ब टाकणारे, असं करत करत ती आमच्या घरापर्यंत आली.

"मी आठ वर्षांची होते," तिने सांगितलं. "आमच्या वरच्या खोलीत एक भाडेकरू राहायचा. त्या शनिवारी दुपारी तो एक जड पिशवी घेऊन जिना उतरला. मी पिशवीला हात लावायला गेले, तर त्याने ती झटकन उचलून छातीशी धरली. त्याच संध्याकाळी कोठीत बॉम्ब फुटला. दहशत म्हणजे काय ते मला त्या पिशवीने शिकवलं."

नंतर तो सुटला, त्याच्यावर काही सिद्ध झालं नाही, हेही तिने प्रामाणिकपणे जोडलं होतं. पण ते शेवटी होतं, आणि हळू आवाजात.

मी तिला एवढंच म्हटलं की झटकन नव्हे, सावकाश उचलली होती. ती हसली आणि म्हणाली, "आजी, तुमची मेमरी ना!" आणि तिने तो शब्द बदलला.

त्यानंतर तीन दिवस मी एका जागी बसू शकले नाही.

त्या भाडेकरूचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते का, हे योग्य ठिकाणी येईल. तो उदगीरचा. त्याचे वडील शाळामास्तर होते आणि माझे यजमान प्रतापराव पाटबंधारे खात्यात असताना त्यांच्या ओळखीचे झाले होते. मुलाला इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा मास्तरांनी चिठ्ठी पाठवली आणि आम्ही वरची खोली दिली. आमच्या गल्लीत त्या वेळी मुसलमान भाडेकरू कुणी ठेवत नसे. मी ठेवला, आणि त्याचा मला अभिमान होता. तो माझ्याशी शुद्ध मराठवाडी मराठी बोलत असे आणि मला अम्मा म्हणत असे. त्याची एक मावशी, त्याची खाला, कोठीच्या मागच्या बोळात राहायची. तिच्याकडून ईदेला आमच्याकडे शीरखुर्मा यायचा, आणि तिचं भांडं आम्ही कधी चकली तर कधी धपाटे घालून परत पाठवायचो. तीन वर्षं असं चाललं होतं.

तो शनिवार श्रावणातला होता. मी आणि मालनबाईंनी गव्हाची खीर केली होती, खपली गहू कांडून, गूळ आणि खसखस घालून. माझ्या रुखवतातला कडीचा पितळी डबा आहे, त्याच्या झाकणावर 'पद्मावती प्रतापराव हंबर्डे' असं टिंबाटिंबांनी कोरलेलं आहे. तो डबा मी काठोकाठ भरला, कापडात बांधला, पिशवीत ठेवला आणि वरच्या मुलाला हाक मारली. त्याला म्हटलं, खालाला नेऊन दे. गरम आहे, दोन्ही हातांनी धर, तिरका करू नकोस आणि वाटेत कुणाला हात लावू देऊ नकोस. माझं सांगणं या घरात सगळे अक्षरशः पाळतात. प्रणिता धावत आली तेव्हा त्याने पिशवी वर उचलली, कारण तिचा हात भाजला असता.

संध्याकाळी कोठीत, आणि तिकडे तलावाकाठच्या बागेत, स्फोट झाले. चाळीसहून अधिक माणसं गेली. प्रतापराव डोळ्यांचे थेंब आणायला कोठीतच गेले होते. त्यांचा फोन लागत नव्हता, टीव्हीवर चपलांचे ढीग दाखवत होते, आणि मी अडीच तास फाटकाशी उभी होते. ते चालत घरी आले. शर्टावर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त होतं. त्यांनी चहा मागितला आणि तो प्यायले नाहीत.

सोमवारी सकाळी पोलीस गल्लीतून घरोघरी भाडेकरूंची चौकशी करत आले. एक तरुण अधिकारी होता, अत्यंत अदबीने बोलणारा. त्याने विचारलं, शनिवारी हा किती वाजता बाहेर पडला, कुठे गेला, बरोबर काय होतं. मी सांगितलं की चार वाजता, कोठीकडे, बरोबर जड पिशवी होती, ती त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती आणि माझ्या नातीला हात लावू दिला नाही. कागद तेलुगूत होता. अधिकाऱ्याने तो मला हिंदीत वाचून दाखवला आणि मी खाली मराठीत सही केली.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. पिशवीत काय होतं हे त्याने विचारलं नाही, आणि मला ते आठवलं नाही. हे कुणाला पटणार नाही, मलाही पटत नाही, पण ते तसंच घडलं. ज्या घरातून रोज भांडी भरून जातात त्या घरात एक डबा लक्षात राहत नाही. आणि शनिवारपासून माझ्या मनात तो उदगीरचा मास्तरांचा मुलगा उरलाच नव्हता. गंजी पेटत होत्या, मी सहा वर्षांची होते, आणि वरच्या खोलीत कुणीतरी राहत होतं. मालनबाई त्या आठवड्यात गावी गेल्या होत्या. असत्या तर त्यांनी मला तिथल्या तिथे टोकलं असतं.

त्याच दुपारी त्याला नेलं.

गुरुवारी त्याची खाला रिक्षाने आमच्याकडे आली. तिने माझा डबा आणला होता. घासून लख्ख केलेला, आणि आत खुबानीचा मीठा, जर्दाळूचं गोड. ती रडली नाही. म्हणाली, "खाली डब्बा कैसे लाऊं अम्मा, आप के घर का दस्तूर मेरेकू मालूम." मग तिने झाकणावरच्या माझ्या नावावर बोट ठेवलं आणि मला समजावून सांगितलं, जणू मीच लहान होते: हा डबा पोलिसांना दाखवा, खीर मी दिली होती एवढं सांगा, तुमचं नाव आहे, तुमचं ऐकतील. ती स्वतः तो डबा घेऊन जाऊ शकली असती. पण तिला वाटलं, माझ्या तोंडून त्या गोष्टीला वजन येईल. म्हणून तिने तिच्याजवळचा एकुलता एक पुरावा माझ्या हातात आणून दिला.

मी म्हटलं, बघते.

पोलीस स्टेशन आमच्या घरापासून सात मिनिटांवर आहे. मी तीनदा चांगलं लुगडं नेसून तयार झाले. प्रतापराव म्हणाले, आपण कशाला पडायचं, कायदा आपलं काम करील. पण त्यांच्यावर मी काही ढकलणार नाही. आमच्या घरात प्रतापरावांच्या म्हणण्याने कधी काही अडलं नव्हतं. मी गेले नाही, कारण गेले असते तर त्या अदबशीर पोरासमोर म्हणावं लागलं असतं की पद्मावतीबाई हंबर्डे चुकल्या. ते वाक्य मी तोवर कुणासमोर उच्चारलं नव्हतं.

तो पाच महिन्यांनी सुटला. पुढे खरे गुन्हेगार सापडले, खटला चालला, शिक्षा झाल्या, आणि त्या सगळ्यात ह्याचं नाव कुठेही नव्हतं. सुटल्यावर तो आपली ट्रंक न्यायला आला तेव्हा मी मालनबाईंबरोबर किल्ली पाठवली आणि देवघरात बसून राहिले. जिन्यावरून ट्रंक उतरताना तीन ठिकाणी आपटली. ते आवाज मी मोजले.

डबा मी वरच्या कपाटात ठेवून दिला. पुन्हा वापरला नाही.

तर रविवारपासून मी त्या कपाटाभोवती फिरत होते. जपाची माळ घेऊन बसले की बोटं मणी सोडून देत. भाजी निवडायला घेतली तर देठ ठेवून पानं फेकली. मंगळवारी सकाळी मालनबाईंनी माझ्या हातातून ताट काढून घेतलं.

"बाईसाहेब, तीन दिवस झाले, तुम्ही त्या कपाटापाशी जाऊन येताय. त्याला पाय फुटलेत का बघायला?"

मी म्हटलं की डबा काढायचा आहे, पण त्याची कल्हई उडाली असणार. मालनबाईंनी पदर खोचला. स्टूल ओढलं, डबा काढला आणि माझ्यासमोर उघडला. आतून तो चांदीसारखा होता. मग कळलं की दर दसऱ्याला कल्हईवाला घराच्या इतर भांड्यांना येई तेव्हा त्या हा डबाही गुपचूप देत आल्या होत्या. सतरा वर्षं.

"कशासाठी?" मी विचारलं.

"लागेल म्हणून," त्या म्हणाल्या. "खीर मीच ढवळली होती, बाईसाहेब. मला इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुम्ही कुणाला इचारत नाही."

तीस वर्षांत त्या माझ्याशी असं बोलल्या नव्हत्या. मी त्यांना गहू भिजत घालायला सांगितलं.

त्या संध्याकाळी मी प्रणिताला बोलावून समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिने एकदाही मध्ये तोडलं नाही. मग तिने झाकणावरून बोट फिरवत माझं नाव वाचलं, अडखळत, एकेक अक्षर.

"मी हे सगळीकडे सांगितलंय," ती म्हणाली. "कॉलेजात. इंटरव्ह्यूमध्ये. मी त्या पिशवीवर निबंध लिहिलाय, आजी. बक्षीस मिळालंय मला." तिने डबा मांडीवरून उचलून माझ्यासमोर ठेवला. "तू मला का सांगितलं नाहीस?"

जन्मापासून तिने मला अहोजाहो केलं होतं. त्या क्षणी ते गळून पडलं आणि मी ते उचलून परत ठेवलं नाही.

ती उठून आपल्या खोलीत गेली. जेवली नाही. मी दाराबाहेर खुर्ची ठेवून बसले, आणि बसल्या बसल्या मला आमच्या गावची चाँदबी आठवली. ती आम्हा मुलींना बांगड्या भरायची. गंजी पेटल्या तेव्हा तिचं घर नांदतं होतं. फौज आली, आम्ही स्वतंत्र झालो, पेढे वाटले, आणि काही दिवसांनी तिचं दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. चूल होती, चुलीत राख होती. मी वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, गेले. सतरा सप्टेंबरला मी मंडळात जी गोष्ट सांगते ती पेढ्यांपाशी संपते. मला ती तशीच मिळाली होती. आणि मी प्रणिताला तिची गोष्ट तशीच दिली होती, मधोमध कापून.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज तिच्या वर्गातला होता. गुरुवारी मी हे तिथे सांगेन का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सांगेन. पण ज्याचं आहे त्याला न विचारता चाळीस पोरांना सांगणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा घरातून काढण्यासारखं होईल. तो कुठे असतो ते मालनबाईंना ठाऊक होतं. त्यांना अर्थातच सगळं ठाऊक होतं.

बुधवारी सकाळी आम्ही दोघी टॅक्सीने कोठीला गेलो. खिरीचा डबा माझ्या मांडीवर होता आणि मी तो दोन्ही हातांनी धरला होता. काचीगुड्यापाशी गाडीने गचका खाल्ला तेव्हा प्रणिताने सवयीने हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला.

स्पर्धा परीक्षांच्या जुन्या पुस्तकांचं त्याचं लहानसं दुकान आहे. दाढी पांढरी होऊ लागली आहे. त्याने मला पाहिलं आणि तो उठून उभा राहिला, कारण तो मास्तरांच्या घरचा आहे. स्टूल पुढे केलं. मी बसले नाही. मी वाक्यं जुळवून नेली होती, ती उभ्यानेच म्हटली: पिशवीत काय आहे हे मला माहीत होतं, खालाने डबा आणून दिला होता, मी गेले नाही, चूक माझी होती. मध्येच एक मुलगी बँकेच्या परीक्षेचं पुस्तक विचारायला आली. त्याने ते काढून दिलं, सुटे परत केले, आणि माझ्याकडे वळून थांबला, मी पुढचं बोलावं म्हणून.

खाला कोरोनात गेल्या होत्या. हे त्याने सांगितलं तेव्हा मी डबा पुढे केलेलाच होता.

तो माझ्याशी नेहमी मराठी बोलत असे. त्या दिवशी बोलला नाही.

"मेरेकू मालूम था डब्बा आप के पास है, मॅडम," तो म्हणाला. "पाँच महीने ये सोचता रहा, आज दिखाएंगे, कल दिखाएंगे."

प्रणिताने मान वर न करता त्याला सांगितलं की तीही पिशवीची गोष्ट सांगत फिरली होती. तो तिच्याकडे वळला. तिच्याशी मात्र तो मराठीत बोलला. "तू लहान होतीस," म्हणाला. "भाजलं असतं तुला."

मग मी विचारलं की उद्या वर्गात हे सांगितलं तर चालेल का. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, समोरचा चहावाला ऐकत होता. त्याने आवाज खाली आणला. त्याची मुलं शाळेत जातात, बोळात कुणाला काही माहीत नाही.

"मेरा नाम नक्को लेओ. आप का नाम लेके बोलो. पूरा."

डबा त्याने घेतला. उघडला नाही. पुस्तकांच्या थप्पीवर सरळ ठेवला आणि म्हणाला, धो के भेजता हूँ.

गुरुवारी मी वर्गात उभी राहिले. खुर्ची दिली होती, ती मागे सारली. माझ्या हैदराबादी हिंदीत आधी माझं पूर्ण नाव सांगितलं, मग गाव, मग चाँदबीचं उघडं दार, आणि मग खिरीचा डबा. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की स्टेशन सात मिनिटांवर होतं तर मी गेले का नाही, मला कुणाची भीती होती. मी म्हटलं, भीती चार दिवस होती, बेटा. पुढची सतरा वर्षं जे होतं त्याला भीती म्हणत नाहीत.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं झालं. मग प्रणिता उठली आणि तिने आपली सुरुवात शेवटी सांगितली. "मी पिशवीला हात लावायला गेले," ती म्हणाली, "आणि त्याने ती सावकाश वर उचलली, कारण खीर गरम होती." झार आणि मुंडकी तिने पुढच्या तासावर टाकली.

याला आता तीन आठवडे झाले. प्रणिता माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखी प्रत्येक गोष्ट विचारायला येत नाही. स्वतः पाहते, मग येऊन सांगते. ते मला आवडत नाही, आणि मी ते चालू दिलं आहे.

डबा अजून आलेला नाही. फाटकाची कडी वाजली की मी उठते. मालनबाई आतून म्हणतात, बसा, पेपरवाला आहे. त्यांना न बघता कसं कळतं कोण जाणे, पण अजून तरी त्यांचं चुकलेलं नाही. खालाला आमच्या घरची रीत ठाऊक होती, तशी त्यालाही आहे. तो रिकामा डबा पाठवू शकतो, आणि त्याने तसा पाठवला तर त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागणार नाही. डबा आला की मी स्वतः फाटकापाशी जाईन आणि दोन्ही हातांनी घेईन.